फार्मसी कॉलेजात नव्याने रुजू झालात? आधी लॅबमध्ये चला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.फार्म.ला फार्माकॉलॉजी शिकवते. एम.फार्म. करून आलेले नवे सर-मॅडम रुजू झाले की आधी टाइमटेबल मागतात. मी त्यांना लॅबमध्ये घेऊन जाते.

लॅबच्या भाऊंशी बसून बोला. कोणत्या ब्युरेटची तोटी गळते, दुपारी लाइट कधी जाते, हे त्यांनाच ठाऊक असतं. प्रत्येक प्रॅक्टिकल आदल्या दिवशी स्वतः करून बघा. वेट व्हेरिएशनला, म्हणजे गोळ्यांच्या वजनातला फरक तपासायला, 20 गोळ्या एकेक करून वजन कराव्या लागतात; बॅचमध्ये 20 पोरं आणि चालू बॅलन्स दोनच असले तर अर्धा वेळ रांगेतच जातो. म्हणून बॅच फोडा. निम्म्यांना डिसइंटिग्रेशनला, म्हणजे गोळी किती वेळात फुटते ते बघायला लावा; साध्या, आवरण नसलेल्या गोळीला तिथे 15 मिनिटांची मर्यादा असते.

आता वर्गाचं. आमची बरीच पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, पेपर मात्र इंग्रजीत. 'समजलं का?' विचारलं की 'हो मॅडम' येतं, म्हणून ते विचारूच नका. मराठीत समजवा, संज्ञा इंग्रजीत फळ्यावर लिहा आणि शेवटची दहा मिनिटं त्यांना चार ओळी इंग्रजीत लिहू द्या.

अँटिकोलिनेस्टरेज, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं अ‍ॅसिटिलकोलीन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारी रसायनं, शिकवताना मी स्लाइड लावत नाही. आमच्याकडे घरात 'औषध' म्हटलं की बरेचदा फवारणीचंच. 'फवारणीचं औषध लागलं तर माणसाला काय होतं?' एवढंच विचारते. घाम, लाळ, उलटी, डोळ्यांना धूसर दिसणं... पोरं सांगत जातात, मी मराठीतच लिहिते. मग प्रत्येक लक्षणासमोर साचलेलं अ‍ॅसिटिलकोलीन कुठे काम करतंय ते मांडते. अ‍ॅट्रोपीन हा उतारा का देतात, हे मग पोरंच सांगतात. सगळीच कीटकनाशकं या गटातली नसतात, हेही त्याच तासाला सांगा. आणि कोणाचं नाव घेऊन विचारू नका. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. समोरच्या बाकावर कोणाच्या घरचं दुःख बसलंय, आपल्याला माहीत नसतं.

दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी सुरू झाली की बाकं रिकामी होतात. परीक्षेला 80 टक्के हजेरी लागते. टक्का घसरायच्या आधीच घरी फोन करा. सकाळी लवकर, माणसं शेतात जायच्या आत.