नेत्यानं इतिहासाचं कोणतं पाकीट मागवलं, हे कसं ओळखायचं

वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागात माझी एकोणतीस वर्षं गेली. काम कात्रणांचं. अंक कापायचे, कागदावर डकवायचे, वर तारीख टाकायची आणि विषयाच्या पाकिटात सारायचे. जगात कुठंही फौजा हलायला लागल्या की संपादकीय विभागातून कोणीतरी खाली यायचं आणि पाकीट मागायचं. कोणतं मागितलं यावरून उद्याचा अग्रलेख मला आजच कळायचा. 'म्युनिक' (1938 मध्ये ब्रिटन-फ्रान्सनी हिटलरपुढं नमतं घेतलं तो करार) मागितलं की अग्रलेख युद्धाच्या बाजूनं, 'व्हिएतनाम' (अमेरिका रुतून बसली ते युद्ध) मागितलं की विरोधात. मत आधी ठरायचं, इतिहास मागून जिना चढायचा.

नेत्यांचंही असंच असतं. म्हणून 'नेते इतिहास वाचतात का' हा प्रश्न मी सोडून दिला आहे. वाचतात की! रशियावर चालून गेलेल्या स्वीडनच्या बाराव्या चार्ल्सची 1709 मध्ये पोल्टाव्हाला काय गत झाली, ते नेपोलियनला ठाऊक होतं. रशियात राजदूत राहून आलेल्या कोलँकूरनं त्याला तोंडावर सांगितलं होतं की झार मागं मागं सरत जाईल आणि हिवाळा त्याच्या मदतीला येईल. तरी जून 1812 मध्ये फौज नीमन नदी ओलांडून गेलीच. पुढं 1941 च्या अखेरीस मॉस्कोच्या दारात अडकलेला जर्मन फील्ड मार्शल क्लूग त्याच कोलँकूरच्या आठवणी वाचत बसायचा, असं त्याच्या हाताखालच्या जनरल ब्लूमेंट्रिटनं नंतर सांगितलं. पुस्तक अगदी योग्य निवडलं होतं, फक्त सहा महिने उशिरा.

तेव्हा आपण बघायचं ते एवढंच: पाकीट निर्णयाआधी उघडलं की नंतर, आणि कोणतं उघडलं. त्यासाठी एक वही, नेत्याच्या भाषणाचा पूर्ण मजकूर (बातमी चालणार नाही, बातमीत दाखले गाळतात) आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात.

सुरुवात तारखांपासून करा. इतिहासाचा दाखला कोणत्या दिवशी दिला आणि सैन्याची हालचाल कधी सुरू झाली, हे एकाखाली एक लिहा. फौज सीमेवर पोचल्यावर दिलेला दाखला हा वकिली युक्तिवाद समजायचा. काहीच ठरलेलं नसताना कोणी इतिहास काढला असेल, तर त्या ओळीखाली रेघ मारा.

सोव्हिएत संघाचं उदाहरण यासाठी फार चांगलं, कारण दोन्ही प्रकार एकाच वर्षात सापडतात. मार्च 1979 मध्ये अफगाणिस्तानात हेरातला बंड झालं आणि काबूलच्या सरकारनं मॉस्कोकडं फौज मागितली. पॉलिटब्यूरोच्या, म्हणजे सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च समितीच्या, त्या बैठकांची इतिवृत्तं आता वाचायला मिळतात. आधी थोडी चलबिचल दिसते, मग गुप्तहेर खात्याचे प्रमुख आंद्रोपोव्ह, परराष्ट्रमंत्री ग्रोमिको, पंतप्रधान कोसिगिन सगळे 'फौज नको' यावर येतात. मॉस्कोत आलेल्या अफगाण राष्ट्रप्रमुख तराकींना कोसिगिननी व्हिएतनामचाच दाखला दिला: तिथले लोक अमेरिकेशी स्वतः लढले, बाहेरचं सैन्य त्यांनी बोलावलं नाही. नऊ महिन्यांनी, 12 डिसेंबरला, त्याच वर्तुळानं फौज पाठवायचं ठरवलं. कोसिगिन त्या बैठकीला नव्हते. सरसेनाध्यक्ष ओगारकोव्ह यांनी विरोध केला, तर तुम्ही लष्कराचं बघा, असं त्यांना ऐकवण्यात आलं.

या नऊ महिन्यांत अफगाणिस्तानचा इतिहास काही बदलला नव्हता. 1842 च्या जानेवारीत काबूलहून निघालेली ब्रिटिश फौज वाटेत कशी संपली, हे मार्चमध्ये जेवढं खरं होतं तेवढंच डिसेंबरमध्ये. मधल्या काळात तराकींना त्यांच्याच सहकारी अमीननं संपवलं होतं आणि सोव्हिएत सर्वोच्च नेते ब्रेझनेव्हना ते जिव्हारी लागलं होतं. म्हणून दोन तारखांच्या मधे 'काय बदललं?' असा एक रकाना ठेवा. तिथं 'राग' किंवा 'अपमान' असं उत्तर आलं, तर त्यानंतरचे सगळे दाखले सजावटीचे. शेवटची सोव्हिएत तुकडी 15 फेब्रुवारी 1989 ला बाहेर पडली, तोवर त्यांचे सुमारे 15,000 सैनिक गेले होते. अफगाण किती गेले त्याचे आकडे लाखांत जातात.

यानंतर दाखला तपासायचा. डावीकडं साम्य, उजवीकडं फरक. ही रीत माझी नव्हे. हार्वर्डचे रिचर्ड न्यूस्टाट आणि अर्नेस्ट मे हे दोन प्राध्यापक ती सरकारी अधिकाऱ्यांना शिकवायचे. माझी भर एवढीच, की फरकाचा रकाना आधी भरायचा. साम्य भाषण लिहिणाऱ्यानं भरून दिलेलंच असतं.

26 फेब्रुवारी 2003 ला धाकट्या बुश यांनी जर्मनी आणि जपानचं नाव घेतलं: तिथं लोकशाही रुजणार नाही असं म्हणणारे होतेच, तरी ती रुजली, मग इराकमध्ये का नाही? साम्य ऐकायला गोड आहे. आता फरक लिहा. जपानची शरणागती सम्राटानं स्वतः जाहीर केली आणि सम्राट, खाती, कारकून सगळे जागेवर राहिले. विजेत्यांचे हुकूम त्यांच्याच हातून राबवले गेले. बगदादमध्ये तर सत्ताच उखडायची होती. मग दुसऱ्या दिवशी पोलिस चौकीत कोण बसणार? हा प्रश्न त्याच दिवशी वहीत लिहिता आला असता. मे महिन्यात इराकी लष्कर एका आदेशानं बरखास्त झालं, तेव्हा तो सगळ्यांना पडला.

पण फरक दाखवूनही फसवणूक करता येते, आणि ही जागा नीट बघा. 30 जून 1965 ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी एक टिपण दिलं. प्रश्न असा: 1954 मध्ये व्हिएतनाममध्ये हरलेल्या फ्रान्सची आणि आपली तिथली अवस्था सारखी आहे का? उत्तर: नाही. फ्रान्स वसाहतवादी होता, पॅरिसमध्ये सरकारं कोसळत होती, लोक युद्धाला विटले होते. आपलं तसं नाही. गंमत अशी की हे बहुतेक खरं होतं. पण सारे फरक 'आपण कोण आहोत' याविषयीचे. समोरचा माणूस तोच, जंगल तेच, त्याची चिकाटी तीच. ते टिपण वाचल्यापासून मी प्रत्येक फरकासमोर 'आपला' किंवा 'त्यांचा' असं लिहिते. सगळे 'आपला' निघाले की दाखला नापास. चार आठवड्यांनी, 28 जुलैला, जॉन्सननी व्हिएतनाममधलं सैन्य 75,000 वरून 1,25,000 वर नेण्याची घोषणा केली आणि त्याच भाषणात हिटलर आणि म्युनिक काढलं.

नेत्याची स्वतःची आठवण हे आणखी निसरडं प्रकरण. ब्रिटनच्या अँथनी ईडन यांनी फेब्रुवारी 1938 मध्ये मुसोलिनीशी जुळवून घेण्यावरून परराष्ट्रमंत्रिपद सोडलं होतं, आणि पुढं ते योग्य ठरलं. एकदा इतकं बरोबर ठरलेला माणूस 1956 मध्ये पंतप्रधान म्हणून सुएझ कालवा ताब्यात घेणाऱ्या इजिप्तच्या नासेरकडं बघतो, तेव्हा त्याला दुसरा मुसोलिनी दिसणारच. इजिप्तवर फौज धाडली, डाव फसला आणि जानेवारी 1957 मध्ये ईडन पायउतार झाले. म्हणून नेत्याच्या चरित्रात त्याचा सर्वांत मोठा विजय कोणता, तेही शोधून ठेवा.

मग न मागितलेलं पाकीट. नेते दूरचे दाखले देतात. त्याच जमिनीवर आधी कोण गेलं होतं, हे आपण शोधायचं. मार्च 2003 मध्ये आमच्याकडून 'म्युनिक' वर गेलं. त्याच कपाटात 'बगदाद 1917' होतं, आत जुन्या लेखांची तीनच कात्रणं. ब्रिटिश जनरल मॉडनं बगदाद घेतल्यावर जाहीरनामा काढला होता, की आमच्या फौजा जेते किंवा शत्रू म्हणून आलेल्या नाहीत, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. तीन वर्षांनी, 1920 मध्ये, इराकभर ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. ते पाकीट मी हातात घेतलं आणि परत ठेवलं. न मागितलेलं वर न्यायचं नाही, अशी आमच्याकडं अलिखित रीत होती. ती मी पाळली, याचं मला आजही वाईट वाटतं.

'नाही' म्हणणारा कोण होता आणि त्याचं काय झालं, याला एक पान पुरतं. बोस्नियात फौजेचं नेतृत्व केलेले अमेरिकी जनरल शिनसेकी यांनी 25 फेब्रुवारी 2003 ला सिनेटच्या समितीत सांगितलं, की इराक सांभाळायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री वुल्फोविट्झ यांनी तो अंदाज साफ चुकीचा ठरवला. कधी कधी 'नाही' म्हणणारा तोच असतो: डिक चेनी यांनी 1994 च्या मुलाखतीत बगदादपर्यंत जाणं म्हणजे दलदल, असं स्वच्छ सांगितलं होतं. नऊ वर्षांनी ते उपराष्ट्राध्यक्ष होते. याउलट केनेडी. एप्रिल 1961 मध्ये त्यांनी क्यूबावर धाडलेली सुमारे 1,400 क्यूबन निर्वासितांची मोहीम तीन दिवसांत बुडाली, आणि पुढच्या वर्षी क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचात ते मुद्दाम काही बैठकांना गेले नाहीत. आपण समोर असलो की लोक मनातलं बोलत नाहीत, हे त्यांना कळलं होतं.

खरं शिकणं फार नीरस दिसतं. 1954 मध्ये फ्रेंच व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूला वेढले गेले, तेव्हा कोरियात लढून आलेल्या अमेरिकी जनरल रिजवे यांनी तिकडं तज्ज्ञ पाठवले. बंदरं किती, रस्ते कसले, रोगराई कोणती, संदेशवहनाचं काय? उत्तरं अशी आली, की फार मोठी फौज लागेल. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अमेरिकी काँग्रेस आणि ब्रिटनच्या होकाराची अट घातली, चर्चिलनी नकार दिला आणि अमेरिका त्या वर्षी उतरली नाही. भाषणात असले प्रश्न शोधा. अथेन्सनं इ.स.पू. 415 मध्ये सिसिलीवर आरमार धाडलं, तेव्हा ते बेट केवढं आणि तिथं माणसं किती, हेच बहुतेकांना माहीत नव्हतं, असं ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ लिहितो. मोहिमेच्या विरोधात असलेल्या सेनापती निकियासनं लोक घाबरावेत म्हणून लागणारी फौज फुगवून सांगितली, तर सभेनं तेवढी मंजूर करून टाकली! नुसत्या आकड्यानं कोणी थांबत नाही, हेही वहीत असू द्या.

शेवटी आपला अंदाज लिहून तारीख टाका आणि पान दुमडून ठेवा. माझं एक पान साफ चुकलेलं आहे. जुलै 2021 मध्ये पुतिन यांचा रशियन आणि युक्रेनियन लोकांच्या ऐतिहासिक एकतेवरचा लांबलचक लेख आला. तो वाचून मी लिहिलं: 'इतका इतिहास वाचणारा माणूस जाणार नाही.' 24 फेब्रुवारी 2022 ला रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा पान उघडलं. लेख पुन्हा वाचला, तेव्हा दिसलं की तो सगळा हक्काचा इतिहास होता. आता कोणत्याही भाषणाच्या समासात मी दोन खुणा करत जाते: 'हे आमचं होतं' कुठं कुठं आलं, आणि 'आम्हाला हे केवढ्याला पडलं' कुठं आलं.