गडमोहिमेचा प्रमुख सोडून का जातो? संस्थांनो, या चुका टाळा

२०२५ च्या जुलैमध्ये आपले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि किल्ल्यांवर काहीतरी काम करायचंय असं म्हणणारी पोरंपोरी आता कुठेही भेटतात. तरी संवर्धन करणाऱ्या छोट्या संस्थांच्या मीटिंगला बसलं की रडगाणं एकच, माणसं टिकत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की माणसं टिकत नाहीत कारण मोहीमप्रमुख टिकत नाही. दर रविवारी पहाटे गाडी भरणारा, घमेली-फावडी मोजून घेणारा, गडावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढायला माणसांची साखळी लावणारा तो एक दादा किंवा ताई दीड-दोन वर्षात गप्पपणे गायब होते आणि मग अख्खा ग्रुप पांगतो. स्वयंसेवकांना टोपी, टीशर्ट, सर्टिफिकेट सगळं मिळतं, त्यांना सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतंय हे कुणी बघतच नाही.

जो जास्त खणतो त्यालाच प्रमुख करणं

ही सगळ्यात कॉमन चूक. एखादा पोरगा पहार घेऊन दिवसभर न थकता काम करतो म्हणून पुढच्या महिन्यात त्याच्या हातात ४० जणांची यादी देतात. त्याला आवडत होतं ते हाताने काम करणं, आता तो दिवसभर फोनवर आणि हजेरी घेत फिरतोय. आधी दोन-तीन मोहिमा जुन्या प्रमुखासोबत सहप्रमुख म्हणून राहू दे, मग विचारा जमतंय का, आणि नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. शिवाय ४० जण एकट्याच्या गळ्यात घालू नका, आठ-दहा जणांमागे एक गटप्रमुख द्या.

आणि त्याला कामाचं ट्रेनिंग द्या हो, नुसतं नियोजनाचं नाही. तटबंदीत पिंपळ उगवला की उत्साही पोरं तो मुळासकट ओढायला बघतात आणि मुळाबरोबर चिरे निखळतात. अशा वेळी 'थांबा, हात लावू नका, आधी जाणकाराला विचारू' असं ठामपणे म्हणायला त्या प्रमुखाला स्वतःला कारण माहीत असायला लागतं, नाहीतर चारचौघांत त्याचं कोण ऐकणार.

परवानगीचा कागद अध्यक्षांच्या फोनमध्ये

लक्षण असं, गडावर पहारेकरी अडवतो, प्रमुख अध्यक्षांना फोन लावतो, वर रेंज नाही, खाली तीसेक माणसं ताटकळत उभी. गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, राज्याच्या आहे की वनखात्याच्या हद्दीत आहे हे आधी तपासायचं काम संस्थेचं आहे. संरक्षित स्मारकावर विनापरवाना खोदकाम केलं तर गुन्हा होतो आणि जागेवर सापडणार तो प्रमुखच, कार्यकारिणी नाही. त्यामुळे पत्राची प्रिंट त्याच्या पिशवीत पाहिजे, आणि त्यात काय काय करायची परवानगी आहे हे (कचरा उचलणं, झुडपं काढणं, टाकं साफ करणं) त्याला नीट समजावून सांगितलेलं पाहिजे. गाळात नाणं, तोफगोळा, मूर्तीचा तुकडा काही मिळालं तर तिथेच थांबायचं, वस्तू जागेवरून न हलवता फोटो काढायचा आणि खात्याला कळवायचं. हा नियम संस्थेने आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी 'आपल्याकडेच ठेवूया ना' म्हणणाऱ्याशी त्याला एकट्याला भांडावं लागत नाही.

खिशातून खर्च

टेम्पोचं भाडं, नाश्ता, दोरखंड, हातमोजे, हे सगळं प्रमुख आधी भरतो आणि मग 'हिशोब दे, बघू' म्हणतात. संस्थेचं काम म्हणून तो मागायलाही लाजतो, महिने जातात, घरात बोलणी बसतात. मोहिमेआधी उचल द्या, परत आल्यावर आठवडाभरात व्हाउचर लावून हिशोब मिटवा, विषय संपला. आणि वर्गणी कधीच त्याच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर घेऊ नका, हे कळकळीने सांगतोय. पैसे संस्थेच्याच खात्यात यायला हवेत. नाहीतर वर्षभराने कुणीतरी कुजबुजतं की 'याने किती गोळा केले देव जाणे', आणि रविवारच्या रविवार घाम गाळलेल्या माणसाला ते ऐकावं लागतं. तो परत येत नाही मग, आणि का येईल?

ज्येष्ठांसमोर त्याला एकटं पाडणं

प्रमुख २४-२५ वर्षांचा, संस्थेतले जुने सभासद पन्नाशीचे. एखादे काका चार पाहुणे घेऊन येतात, काम कमी फोटो जास्त, वर गडावर मुक्कामाला बाटली. प्रमुख अडवतो, काका थेट अध्यक्षांना फोन करतात आणि अध्यक्ष म्हणतात, 'जाऊ दे रे, जुने आहेत.' त्या एका वाक्यात त्या पोराचं वजन संपलं, उद्यापासून नवीन पोरंपण ऐकत नाहीत. गडावर असेपर्यंत शेवटचा शब्द प्रमुखाचा, हे ग्रुपवर अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने लिहावं. त्याचं चुकलं असेल तर खाली आल्यावर एकट्याला बाजूला घेऊन सांगा.

ताई प्रमुख असेल तर हे डबल लागू आहे. आणि पायथ्याच्या गावात मुलींसाठी टॉयलेट, कपडे बदलायची जागा ठरवून ठेवणं हे तिच्या एकटीच्या डोक्याला लावू नका.

अपघाताचा भार एकट्यावर

ऊन लागणं, घसरून पडणं, साप, आणि आग्या मोहोळ, ते तर धुराने किंवा परफ्यूमच्या वासानेही उठू शकतं. संस्थेने करून द्यायच्या गोष्टी म्हणजे भरलेली प्रथमोपचार पेटी, सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं त्याची माहिती, १०८ ची गाडी पायथ्याला कुठपर्यंत येते ते, सगळ्यांचा अपघात विमा, आणि १८ च्या आतल्यांसाठी पालकांची सही. काही झालंच तर घरच्यांना फोन पदाधिकाऱ्याने करायचा. प्रमुख तेव्हा जखमी माणसाजवळ असू दे.

व्हॉट्सअपचं थोडक्यात सांगतो. सूचनांचा ग्रुप फक्त अॅडमिनला लिहिता येईल असा ठेवा, गाडी कुठून-किती वाजता हे पिन करा, आणि शंकांना उत्तर द्यायला दुसरा माणूस नेमा, रात्री साडेअकराला 'दादा बूट कुठले घालू' हे प्रमुखालाच का?

सुट्टी नाही आणि बदलीही नाही

पावसाळ्यात मोहिमा थांबतात, तर लगेच वृक्षारोपण, बीजगोळे, शाळेत व्याख्यान, सगळं परत त्याच्याच माथी. जून ते सप्टेंबर त्याला खरंच मोकळं सोडा, दुसरं कुणीतरी बघेल. वर्षातून एकदा समोर बसून विचारा की पुढचं वर्ष करणार का, आणि नाही म्हणाला तर निरोप समारंभ बिमारंभ करून त्याला संस्थेतून घालवून देऊ नका, कित्येकांना नुसतं परत घमेलं उचलायचं असतं. जाण्याआधी एक वही मात्र भरून घ्या, त्यात गावचे सरपंच-पोलीस पाटील, टेम्पोवाला, जेवण करून देणाऱ्या मावशी यांचे नंबर, कुठलं टाकं किती साफ झालंय, हत्यारं कुणाच्या घरी ठेवलीत. वही संस्थेकडे आणि तिची झेरॉक्स नव्या प्रमुखाकडे.