गिटार कॅबचा आयआर काढताना पॉवर ॲम्प कोणता घ्यावा

आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) म्हणजे कॅबचा, स्पीकरच्या पेटीचा, आवाज माइकने मोजून साठवलेली फाइल. ती काढण्यासाठी पॉवर ॲम्प बघताना मी वॅट शेवटी विचारतो. आधी विचारतो डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किती पट आहे.

८ ओहमचा गिटार स्पीकर नावापुरताच ८ ओहमचा असतो. माझ्या बंद पाठीच्या २×१२ कॅबमध्ये सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकर आहेत. अशा कॅबचा इम्पीडन्स शंभरेक हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्सपाशी (स्पीकरच्या नैसर्गिक कंपनाच्या जागी), कित्येक पटींनी चढतो. मग उतरतो आणि ट्रेबलकडे व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा वर जातो.

समजा, तो ८ वरून ६४ ओहमवर गेला. ट्यूब ॲम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक कमी असला की त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स ८ ओहम सहज असू शकतो. तेव्हा रेझोनन्सपाशी स्पीकरवरचं व्होल्टेज तब्बल ५ डेसिबलने वाढतं. डॅम्पिंग फॅक्टर २०० असलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स ०.०४ ओहम. तिथे हीच वाढ ०.०४ डेसिबल. ते ५ डेसिबल कॅबचे नाहीत, पण आयआरमध्ये कायमचे बसतात. पुढे ॲक्स-एफएक्ससारखा मॉडेलर (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) पॉवर ॲम्पच्या मॉडेलमध्ये तोच उंचवटा स्वतः घालतो. मग पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवलेले सूर) गढूळ झाले की आपण बिचाऱ्या माइकला दोष देतो.

म्हणून सपाट रिस्पॉन्सचा सॉलिड-स्टेट ॲम्प घ्या, आणि त्यासाठी गिटारच्या दुकानात जायची गरज नाही. घरच्या स्टीरिओचा ॲम्प उत्तम चालतो. यामाहा ए-एस३०१ घ्या: ८ ओहमला चॅनेलमागे ६० वॅट, आणि प्युअर डायरेक्ट बटण दाबलं की बास-ट्रेबल वाटेतून बाजूला. पीए ॲम्पही चालतो, फक्त पंख्याचा आवाज माइकपर्यंत पोचणार नाही इतका लांब ठेवा.

आता वॅट. व्हिंटेज ३० ची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल आहे. एसएम५७ माइक जाळीला टेकवून ठेवला असेल तर १ वॅट भरपूर झाला. ॲम्पमधून १०० हर्ट्झची साइन वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवा आणि ८ ओहमच्या कॅबवर २.८३ व्होल्ट, १६ ओहमच्या कॅबवर ४ व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. आणखी जोर लावू नका. आयआर ज्यावरून काढतात त्या लॉगरिदमिक स्वीपमध्ये (खालपासून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या सुरात) हार्मोनिक डिस्टॉर्शन वेगळं काढता येतं, पण कॉइल तापून झालेलं कॉम्प्रेशन तसंच राहतं.

विकत घेण्याआधी ॲम्प तपासता आला तर फार बरं. आउटपुटवर १० किलोओहम आणि १ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावून सिग्नल कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या. रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्वीप ८ ओहमच्या रेझिस्टरवर घ्या, दुसरा कॅब जोडून. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर ॲम्प घ्या. मात्र बऱ्याच क्लास डी ॲम्पचं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे काळ्या टर्मिनलवरही सिग्नल असतो. ते इंटरफेसच्या ग्राउंडला जोडलं तर ॲम्प जळू शकतो. मॅन्युअल वाचल्याशिवाय तिथे तार लावू नका.

ट्यूब ॲम्प मी एकाच कामाला काढतो: प्रीॲम्प पेडलमधून थेट आयआरमध्ये जायचं असेल आणि मधे पॉवर ॲम्पचं मॉडेल नसेल तेव्हा. तिथे तो उंचवटा हवाच असतो. अशा फाइलच्या नावात ॲम्पचं नाव आणि प्रेझेन्सचा नॉब कितीवर होता, हे दोन्ही लिहा.