परिषदेसाठी टॉकचं प्रपोजल: दुसऱ्या खेपेला मी काय बदललं

माझं पहिलं प्रपोजल परत आलं, तेव्हा एका परीक्षकाने एवढंच लिहिलं होतं की नेमकं घडलं काय ते कळत नाही. राग आला. मग तेच २५० शब्द पुन्हा वाचले आणि मुकाट्याने चहा ठेवला. बडोद्याची ना मी, सुरुवात सयाजीरावांपासून केली होती! १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण, पुढे १९४९ चं विद्यापीठ, आणि मग ‘याच परंपरेला अनुसरून आमच्या कॉलेजात...’. सत्तर शब्द तिथेच खर्ची पडले. दांडिया बाजारात कोणीही हे कौतुकाने ऐकेल. पण उच्च शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच्या परिषदेत एकेका परीक्षकापुढे अशा प्रपोजलांचा गठ्ठा असतो.

मी इथल्या एका कॉलेजात सर्व्हर आणि मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षांचं सॉफ्टवेअर, सांभाळते. पीएचडी वगैरे नाही. तुमचंही तसंच असेल तर आधी परिषदेचे विभाग नीट बघा. बहुतेक ठिकाणी संशोधन निबंध वेगळे आणि कामाचे अनुभव वेगळे घेतात. मी पहिल्यांदा निबंधांच्या विभागात घुसले होते. तिथे संशोधनाची पद्धत विचारतात, आधी कोणी काय लिहिलंय ते विचारतात. आपल्याकडे असते ती एक फजिती आणि तिच्यावर केलेला उपाय. त्याला दुसरा विभाग.

आणि फजिती एकच घ्या. माझं पहिलं शीर्षक होतं ‘उच्च शिक्षणात मूडलची प्रभावी अंमलबजावणी’. यात काहीही बसतं, म्हणून कोणी येत नाही. दुसऱ्या खेपेला एकच सकाळ निवडली: दहाच्या ठोक्याला ४२० मुलांनी परीक्षेचं बटण दाबलं आणि सर्व्हरने मान टाकली. आमच्या मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे मूडलची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा मुळात असते तशीच, १५१ वर ठेवलेली होती. कोणी कधी हातच लावला नव्हता. (कोणी म्हणजे मीच.) पुढच्या परीक्षेला आम्ही ती मर्यादा मेमरीचा अंदाज घेऊन वाढवली, आणि मुलांच्या तीन तुकड्या करून दहा-दहा मिनिटांच्या अंतराने परीक्षा सुरू केली. प्रपोजल इंग्रजीतच लिहायचं होतं, पण शीर्षकात ‘दहा वाजता ४२० विद्यार्थी’ एवढं आणलंच.

मजकुराचा क्रम मी असा ठेवला: काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं, कुठे अजून अडतं. ‘कुठे अडतं’ हे लपवू नका, त्यानेच बाकीचं खरं वाटतं. शेवटची दोन वाक्यं ऐकणाऱ्यासाठी. ‘जाणीव निर्माण होईल’ असलं काही नको. ‘आपल्या सर्व्हरची मर्यादा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कशी तपासायची ते येणाऱ्याला जमेल’ असं लिहा. कुठल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची तारीफ मात्र करत बसू नका. जाहिरातीचा वास आला की प्रपोजल बाजूला पडतं.

मग ते अशा माणसाला वाचून दाखवा, ज्याला मूडल म्हणजे काय हे माहीत नाही. मी सासऱ्यांना दाखवलं. नाना रेल्वेतून निवृत्त झालेत. मी वाक्यावाक्याचं मराठी करत गेले, ते सेव-उसळ खात ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ते सगळं ठीक गं, पण मुलांची परीक्षा झाली का?” खरंच की! ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. झाली होती, दुपारी दोनला, कागदावर. ते वाक्य घातलं.

फॉर्म भरताना मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवा. थेट फॉर्ममध्ये टाइप करत बसलात आणि मध्येच लॉगिन संपलं, की सगळं गेलं. मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, हेही बघा. नाव झाकून परीक्षण होणार असेल तर नुसतं वरचं नाव काढून भागत नाही. ‘आमच्या बडोद्याच्या कॉलेजात’ हेही काढायचं, आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये तुमचं नाव बसलेलं असतं तेही. मुदतीपुढे ‘एओई’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे साडेपाच. पण मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार मध्यरात्रीची असेल तर आपल्याकडे सकाळीच खेळ खलास, उन्हाळ्यात साडेनऊला आणि हिवाळ्यात साडेदहाला.

एक गोष्ट मात्र बटण दाबायच्या आधीच करा. निवड झाली तरी बहुतेक परिषदांत बोलणाऱ्यालाही नोंदणीची फी भरावी लागते. ती कोण भरणार हे प्राचार्यांकडून लेखी घ्या, प्रवासखर्चासकट. मी निवडीचं पत्र आल्यावर अर्ज केला. हिशेब विभागाने तीन सह्या मागितल्या, आणि तिसरे साहेब रजेवर होते. सवलतीच्या फीची तारीख गेली, वरचे पैसे माझ्या खिशातून.