मुलांना माहितीपर आणि कवितांची चित्रपुस्तके सुचवताना या चुका टाळा

मुलासाठी एखादे चांगले पुस्तक सुचवा, असे कोणी म्हटले की आपण सहसा गोष्टीचेच पुस्तक पुढे करतो. माहितीपर चित्रपुस्तक ‘अभ्यासाला उपयोगी’ म्हणून बाजूला पडते आणि कवितांचे ‘अगदी लहानांची बडबडगीते’ म्हणून.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुखपृष्ठ आणि विषय पाहून, पुस्तक आतून न वाचताच शिफारस करणे. माहितीपर पुस्तकात मजकुराइतकीच चित्रांचीही शहानिशा करावी लागते. सुगरण पक्ष्याचे उदाहरण घ्या. घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेली घरटी पाहून त्यांतले एक पसंत करते आणि त्यानंतर नर ते पूर्णत्वास नेतो. विणीच्या हंगामात नराचे डोके पिवळेधमक होते, मादी मात्र चिमणीसारखी मातकट तपकिरीच राहते. त्यामुळे चोचीत गवताची पाती धरलेला मातकट पक्षी काढून खाली ‘आई घरटे विणते आहे’ असे छापले असेल, तर पुस्तक कितीही देखणे असले तरी ते माहितीपर म्हणून सुचवू नये. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत खोपा सुगरणीचा आहे आणि कवितेला ती मुभा आहेच. किंबहुना ती कविता आणि पक्ष्यांचे अचूक चित्रपुस्तक एकाच वेळी मुलाच्या हाती द्यावे, कारण कवितेतली सुगरण ऐकून आलेले मूल पिवळ्या डोक्याचा नर पाहून जो प्रश्न विचारते, तो एकट्या माहितीने क्वचितच उमटतो.

आवृत्तीचे वर्ष न पाहणे ही चूक लहान वाटते, पण ती नडते. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून 2006 मध्ये वगळण्यात आले. भारतातून नामशेष झालेला चित्ता सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आणला गेला. याआधीचे पुस्तक सुचवायचेच असेल, तर काय बदलले आहे ते आत एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर किंवा अन्यत्र पुस्तकांना वाचनपातळी दिलेली असते. ती मुख्यतः मजकुराच्या लांबीविषयी आणि भाषेच्या काठिण्याविषयी सांगते, मुलाच्या कुतूहलाविषयी नाही. जेसीबी, मुंग्या किंवा रेल्वे यांचे वेड असलेले दुसरीतले मूल, मोठ्याने सोबत वाचायला कोणी असेल, तर चौथीच्या पुस्तकातही तासभर रमते. म्हणून इयत्ता विचारण्याआधी, सध्या ते कशाविषयी सारखे बोलते आहे, हे विचारावे.

कवितांच्या बाबतीत कसोटी एकच आहे: कविता मोठ्याने वाचून पाहावी. जिथे जीभ अडखळते, यमकासाठी शब्द ओढूनताणून आणलेला जाणवतो किंवा लय मध्येच तुटते, तिथे मूलही अडखळणार. ही अडचण भाषांतरित पुस्तकांत अधिक दिसते. अर्थ नीट उतरतो, पण ठेका हरवतो. चित्रही पाहावे. शब्दांत मांजर आहे म्हणून फक्त मांजर काढलेले चित्र कवितेत काहीच भर घालत नाही. मांजर कुठे दडले आहे हे शोधायला लावणारे चित्र मुलाला पुन्हा त्या पानावर आणते. गडद चित्रावर बारीक अक्षरे छापून ओळी कशाही तोडल्या असतील, तर चांगली कविताही वाचता येत नाही. आणि कविता वाचून होताच ‘यातून काय शिकलास?’ असे विचारणाऱ्या सूचना शेवटी असतील, तर त्या पानांकडे दुर्लक्ष करण्यास पालकांना अवश्य सांगावे. तात्पर्य काढायच्या घाईने मुले कवितेपासून दूर जातात, हे फार वाईट नुकसान आहे.

मुलगा असेल तर यंत्रे आणि मुलगी असेल तर फुले-कविता, ही वाटणी तर सरळ सोडून द्यावी.

सुचवलेले पुस्तक मुलाने उघडून लगेच मिटले, तर पुस्तक चुकले असे लगेच मानू नये. माहितीपर पुस्तक पहिल्या पानापासून क्रमाने वाचलेच पाहिजे असे नसते. मधले एखादे मोठे चित्र उघडून ‘हे काय चालले असेल?’ एवढेच विचारावे. कवितेचे पुस्तक परत आले, तर त्यातली एकच कविता मोठ्याने वाचून दाखवावी आणि पुस्तक हाताशी येईल असे ठेवून द्यावे. तरीही ओढ लागली नाही, तर त्याच विषयावरचे दुसरे पुस्तक द्यावे, पण वीस नावांची यादी हाती देऊ नये.