यूडब्ल्यूसीचा अर्ज : लेकराला लिहितं कसं करावं

औसा तालुक्यातल्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. दहावीत हुशार लेकरू दिसलं की आमच्याकडं एकच प्रश्न : लातूरला कुठल्या क्लासला टाकणार? पण एखादं लेकरू दोघांच्या भांडणात पडून ते मिटवतं. त्याच्यासाठी युनायटेड वर्ल्ड कॉलेजचा, म्हणजे यूडब्ल्यूसीचा अर्ज नक्की भरा. वेगवेगळ्या देशांत याच नावाची कॉलेजं आहेत.

आधी घरच्यांशी बोला. नाझी जर्मनी सोडावी लागलेल्या कुर्ट हान या शिक्षकाच्या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये पहिलं कॉलेज निघालं. देशोदेशीची पोरं सोबत राहिली, सोबत शिकली, तर त्यांच्यातलं वैर कमी होईल, हा त्यामागचा विचार. आपल्याकडचं महिंद्रा कॉलेज १९९७ पासून मुळशीत, पौडजवळ डोंगरावर आहे. अकरावी-बारावीच्या जागी दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा. तो बारावीच्या बरोबरीचा धरतात. फीचा आकडा ऐकून वडील गप्प होतात. त्यांना सांगा, आर्थिक मदत घरची परिस्थिती बघून ठरते. उत्पन्नाचा दाखला तेवढा तहसीलमधून आधीच काढून ठेवा.

खरी मेहनत अर्जातल्या निबंधावर. माझ्या एका विद्यार्थिनीनं पहिल्या खेपेला लिहिलं, ‘मला जगात शांतता आणायची आहे.’ मी वही मिटली आणि विचारलं, “उन्हाळ्यात सकाळी काय करतेस गं?”

“टँकरची वाट बघते, मॅडम.”

मग हळूहळू सगळं निघालं. टँकर आला की दोन गल्ल्यांची भांडणं ठरलेली. हिनं आदल्या संध्याकाळीच सगळ्यांच्या घागरी ओळीनं मांडून खडूनं नंबर टाकले. ओल्या हातानं खडू पुसला जायचा. मग जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून तिनं त्या घागरींच्या गळ्याला बांधल्या : वरच्या गल्लीला एक गाठ, खालच्या गल्लीला दोन. एकदा वरची घागर, एकदा खालची. पहिले चार दिवस दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

“हे काय लिहायचं, मॅडम?” म्हणाली. हेच लिहायचं. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, हे कुणीही लिहील. गाठी तिच्याच होत्या. मुलाखतीतही बराच वेळ तिला त्याबद्दलच विचारलं.

आधी मराठीतच लिहू द्या, मग इंग्रजी तिचं तिला करू द्या. तुम्ही फक्त वाचा आणि ‘पुढं काय झालं?’ विचारा. वाक्यं तुमच्या हातानं सजवू नका, मुलाखतीत ती तिच्या तोंडून येणार नाहीत.

निवडीत गटात मिळून करायची कामंही असतात. त्यासाठी मी शेजारच्या उर्दू शाळेतली पाच-सहा मुलं बोलावते आणि सगळ्यांना मिळून एक काम देते, जसं की गावच्या बाजारचा नकाशा काढा. कोण जास्त बोललं ते बघत नाही. गप्प बसलेल्या मुलाच्या हातात पेन्सिल कुणी दिली, ते बघते, आणि नंतर त्यावरच बोलते.

बोर्डाच्या निकालाची वाट बघत बसलात, तर उशीर होईल. दहावीचं वर्ष सुरू झालं की अर्जाच्या तारखा बघायला लागा.