अस्मेनोस : ग्रीक वाचताना या चुका टाळा

कोशात ‘अस्मेनोस’ या क्रियाविशेषणापुढे ‘आनंदाने, खुशीने’ असं असतं आणि तेच सगळीकडे चिकटवलं जातं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (२१:१७) ते चालून जातं, कारण पौल यरुशलेमेत पोहोचतो आणि बंधुजन त्याचं आनंदाने स्वागत करतात. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (प्राचीन ज्यू इतिहास, ४:१२) मात्र महायाजक यासोन अगदी गडाच्या पायथ्याशी व्यायामशाळा उभारतो, तिथे ‘आनंदाने’ मिळमिळीत वाटतं. तिथे ‘हौसेने’च हवं.

सगळ्यात जास्त घोळ होमरपाशी होतो. ओडिसीच्या नवव्या सर्गात (ओळ ६२-६३) ओडिसियस आणि त्याचे लोक सोबती गमावून, जड मनाने पुढे निघतात आणि त्याच वाक्यात ते ‘अस्मेनोइ’ (याच शब्दाचं अनेकवचनी विशेषणरूप) आहेत, मृत्यूतून सुटलेले. इथे ‘आनंदाने निघाले’ लिहिलं की वाक्य हास्यास्पद होतं. ‘जीव वाचला हेच नशीब’ हा भाव आणायचा. हा शब्द ‘हेडोमाइ’ म्हणजे सुखावणे यावरून आला, असं जुनी पुस्तकं सांगतात. आजचे बरेच भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध सुखरूप परतण्याच्या धातूशी, म्हणजे ‘नेओमाइ’शी, जोडतात. होमरची ओळ त्यांच्याच बाजूची आहे.

‘राजीखुशीने’ हा शब्द सोयीचा वाटेल, पण त्याला खरेदीखताचा वास येतो. शिवाय त्यात जोर ‘जबरदस्ती नाही’ यावर असतो आणि त्यासाठी ग्रीकमध्ये ‘हेकुसिओस’ आहे (१ पेत्र ५:२). त्याच वचनातलं ‘प्रोथुमोस’ म्हणजे उत्सुकतेने. ‘हेडेओस’ तर गोडीने. राजा हेरोद बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं ऐकतो ते असं (मार्क ६:२०).

कृत्ये २:४१ चा दाखला देताना आवृत्ती बघा. ‘अस्मेनोस’ तिथे नंतरच्या हस्तलिखितांत आहे. सिनाइटिकस, व्हॅटिकानससारख्या जुन्या प्रतींत नाही, त्यामुळे आजच्या चिकित्सक (हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्त्यांतही सापडणार नाही.

देवनागरी टिपणांवर विसंबलात तर रूपातही फसाल, कारण विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्ही ‘अस्मेनोस’च दिसतात. मूळ लिपीत विशेषणाच्या शेवटी ओमिक्रॉन (ऱ्हस्व ‘ओ’चं अक्षर) आणि आघात पहिल्या अक्षरावर, तर क्रियाविशेषणाच्या शेवटी ओमेगा (दीर्घ ‘ओ’चं अक्षर) आणि आघात ‘मे’वर. विशेषण कर्त्याप्रमाणे बदलतं (अनेकवचनी ‘अस्मेनोइ’), तरी मराठीत ते बहुधा क्रियाविशेषणासारखंच उतरवावं लागतं. ‘आनंदी बंधूंनी स्वागत केलं’ असं कुणी बोलत नाही.